वुडहाउसपासून महाराष्ट्राला असलेला धोका

पी. जी. वुडहाउस नावाचे एक इंग्रज विनोदी लेखक १९७५ साली वारले. त्यानंतर ४७ वर्षांनी ते महाराष्ट्राच्या सुरक्षेला धोकादायक असल्याचं निष्पन्न झालं.

हकिकत अशी. मानवी हक्क कार्यकर्ते गौतम नवलखा तेव्हा तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. घरच्यांनी त्यांना वुडहाउसचं पुस्तक पाठवलं. तुरुंगाने ते सुरक्षेच्या कारणावरून नाकारलं, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. न्यायमूर्तींना हा प्रकार हास्यास्पद वाटला. आम्हाला मात्र त्यात दूरदृष्टी दिसली. वुडहाउसच्या गोष्टींत बर्टी वूस्टर नावाचा एक खुशालचेंडू मालक असतो आणि जीव्ह्ज नावाचा त्याचा नोकर. मालकाला काही कळत नाही, नोकराला सगळं कळतं, आणि दर वेळी मालकाची अडकलेली मान नोकरच सोडवतो. असलं वाचून उद्या एखाद्या बंद्याच्या मनात आलं, की आपल्यावर ज्यांची हुकमत चालते त्यांच्यापेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, तर संध्याकाळच्या गिनतीला रांगेत बसणार कोण? पु. ल. देशपांडे जन्मभर या वुडहाउसचे गोडवे गात राहिले आणि कोणी त्यांच्या घराची साधी झडतीही घेतली नाही, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

जाता जाता सांगायचं तर वुडहाउस स्वतःही आत जाऊन आलेले होते. १९४०-४१मध्ये जर्मनांनी त्यांना पकडून छावणीत ठेवलं. तिथे त्यांनी एक अख्खी कादंबरी लिहून काढली. नाझींना त्यात धोका दिसला नाही. सुरक्षेच्या बाबतीत नाझी किती ढिले होते, ते यावरून कळावं.

आपल्याकडच्या खात्याचं नाव आता नुसतं तुरुंग खातं नाही. ‘कारागृह व सुधारसेवा विभाग’ असं भारदस्त नाव आहे. सुधारणा म्हणजे शिक्षण, हे या विभागाला मान्य आहे. शिक्षण म्हणजे परीक्षा, हे तर आपल्या सगळ्यांनाच बालवाडीपासून मान्य आहे. मधल्यामध्ये पुस्तक नावाची जी वस्तू येते तिच्याबद्दलच काय ते मतभेद आहेत.

ब्राझील हा देश याबाबतीत फार मागासलेला. तिथल्या तुरुंगात बंद्याने एक पुस्तक वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत टिपण लिहिलं, की शिक्षेतले चार दिवस कमी होतात. वर्षाला बारा पुस्तकं, म्हणजे ४८ दिवस. यातल्या ‘स्वतःच्या शब्दांत’ या अटीला आमची सक्त हरकत आहे. स्वतःचे शब्द असलेला बंदी सांभाळायला फार अवघड.

आपली पद्धत शिस्तीची. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रं तुरुंगात आहेत. परीक्षा पास झालेल्या बंद्याला शिक्षेत ९० दिवसांपर्यंत सूट मिळू शकते. गांधीविचारांचीही परीक्षा होते. नागपूर मध्यवर्ती कारागृहातल्या अशा परीक्षेचा निकाल २०१८ साली लागला, तेव्हा ८०पैकी ७४ गुण मिळवून पहिले आले ते जन्मठेप भोगणारे अरुण गवळी. बातमी देशभर झळकली. गेलेले सहा गुण नेमके कोणत्या प्रश्नाला गेले, अहिंसेच्या की अपरिग्रहाच्या, हे एकाही वार्ताहराने विचारलं नाही. आम्हाला ती उत्सुकता आजही आहे.

शिक्षणाचा उपयोग होतो, याबद्दल वाद नको. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१३ साली तिकडच्या बऱ्याच अभ्यासांचं सार काढलं. तुरुंगात शिकलेला माणूस पुन्हा आत येण्याची शक्यता न शिकलेल्याच्या मानाने ४३ टक्क्यांनी कमी निघाली. औषध लागू पडतं, हे ठरलेलं आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या तुरुंगात ते द्यायचं कोणाला?

२०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून सुरू असलेली. शंभरातली जवळजवळ ७६. आता सूट मिळते ती शिक्षेत. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला सूट कशातून द्यायची? म्हणून तुरुंगात जाऊन शिकायची ज्यांना हौस आहे त्यांना आमचा सल्ला आहे, की आधी दोषी ठरून घ्या. चार वर्षं निर्दोष म्हणून बसलात तर हाती तारखांची यादी येईल. दोषी म्हणून बसलात तर निदान बी. ए. व्हाल. पुनर्वसनाची पहिली पायरी म्हणजे गुन्हा सिद्ध होणं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं.

आणि बाकीचे कोण आहेत? आपल्या तुरुंगांतली साधारण दोन तृतीयांश माणसं दहावीच्या अलीकडची. साधारण चौथा हिस्सा तर निरक्षर. प्रमाणपत्र वाटपाच्या फोटोत जो बंदी पाहुण्यांच्या शेजारी उभा असतो तो यांचा प्रतिनिधी नव्हे. फोटोबाहेरच्यांची अडचण पदवी मिळत नाही ही नाहीच. आपल्याच नावाचा कागद आपल्याला वाचता येत नाही, ही आहे.

तो कागद जरा जवळून बघू. समजा, डहाणूकडचा एक वारली पोरगा आहे. घरी वारली बोलतो, बाजारात कामापुरती मराठी. मोटारसायकलच्या चोरीत त्याला आणलेलं आहे. त्याचं म्हणणं एका वाक्याचं. गाडी ओळखीच्या माणसाने ठेवायला दिली होती, ती घरामागे आहे. हे वाक्य कागदावर उतरतं तेव्हा त्याला निवेदन पंचनामा म्हणतात आणि त्याचं रूप असं होतं, ‘यातील मजकूर इसमाने स्वखुशीने निवेदन केले की, मी सदरची मोटारसायकल ज्या ठिकाणी लपवून ठेवली आहे ते ठिकाण दाखवितो व गाडी काढून देतो, माझेसोबत चला.’ खाली कायमची ओळ, ‘सदरचे निवेदन मला वाचून दाखविले, ते माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

‘ठेवायला दिली’चं ‘लपवून ठेवली’ केव्हा झालं, हे त्या अंगठ्याला कुठून कळणार? आणि कोणी लबाडी केली असंही म्हणता येत नाही. निवेदन पंचनाम्यात वस्तू लपवूनच ठेवलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच ठेवलेली आहे. इसम मिळूनच येतो, निवेदन स्वखुशीनेच होतं आणि पंच प्रतिष्ठितच असतात. ही मराठी लिहिणारे हवालदारसाहेबसुद्धा घरी ती बोलत नाहीत. ‘सदरची आमटी अळणी असल्याचे निदर्शनास आले असून, त्याबाबत विचारणा केली असता पत्नीने उडवाउडवीची उत्तरे दिली’ असं जेवताना म्हणणारा हवालदार अजून जन्माला यायचा आहे. आला तर त्याचं पुढचं निवेदन आम्ही छापू.

वारली पोराला ही मराठी कळत नाही, हे आपण समजून घेऊ. पण सातारच्या पोराला तरी कळते का? ‘मातृभाषेत कारभार’ म्हणजे काय, याचा अनुभव घ्यायचा असेल तर मराठी माणसाने कोणतंही दोषारोपपत्र उघडून पहिली दोन पानं मोठ्याने वाचावीत.

खालच्या कोर्टांची भाषा महाराष्ट्रात १९९८पासून मराठी आहे. वर, उच्च न्यायालयात, इंग्रजी. त्यामुळे अपील झालं की मोठा सोहळा असतो. साक्षीदार मराठी, आरोपी मराठी, वकील मराठी, पुष्कळदा न्यायमूर्तीही मराठी. तरी मराठीत झालेल्या साक्षींचं इंग्रजी होऊन पेपरबुक तयार व्हावं लागतं. ते होईपर्यंत आरोपी येरवड्यात बसून मराठीतच वाट बघतो. निकाल इंग्रजीत येतो. आपण सुटलो की नाही, हे शेवटी तो शिपायाच्या चेहऱ्यावरून ओळखतो. ही भाषा सगळ्यांना येते.

असं वाटेल की सर्वोच्च न्यायालयाचं याकडे लक्ष नसावं. होतं, आणि फार आधीपासून होतं. नागपूरच्या एका गृहस्थांना सरकारने स्थानबद्ध केलं. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली. ते म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकार म्हणालं, कारभाराची भाषा इंग्रजी आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने तुम्हाला तोंडी सांगितलंय ना, मग झालं तर! ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र’ या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तोंडी सांगून भागत नाही, माणसाला कळेल अशा भाषेत कारणं हातात पडली पाहिजेत. स्थानबद्धता रद्द झाली. पुढे २०२५ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, न्यायालयाला सांगावं लागलं की अटकेची कारणं लेखी द्या आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्या. तीच गोष्ट ६३ वर्षांनीही पुन्हा सांगावी लागली, याला कोणी दिरंगाई म्हणू नये. भाषांतराला वेळ लागतो.

जामिनाचंही तसंच. जामीन मंजूर झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत ई-मेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला पोचवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी बजावलं. चांगला आदेश आहे. मेल येतो. प्रिंट निघते. कागद बंद्याच्या हातात पडतो. त्यात पीआर बाँड, सॉल्व्हन्ट शुअरिटी आणि अटी व शर्ती असतात. जामीन ‘झाला’ म्हणजे आपण सुटलो असं समजून माणूस गाठोडं बांधून बसतो, आणि जामीनदार उभा राहिलेला नसल्यामुळे बसूनच राहतो. जामीनदार कसा मिळावा? १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार झाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात जिल्ह्याचीच नव्हे तर भाषेचीही वेस दाखवणाऱ्यांची अशी हजेरी घेतली, की तसा उपहास आम्हाला जन्मात जमायचा नाही. त्यांनी तो इंग्रजीत केला, त्यामुळे मोतीरामला त्याचा कितपत आनंद घेता आला ते सांगवत नाही.

मग हातातल्या कागदाचं बंद्याने करायचं काय? बराकीत त्याची सोय असते. तिला रायटर म्हणतात.

रायटर हाही बंदीच. चार बुकं शिकलेला, अक्षर बरं असलेला. कार्यालयाची रजिस्टरं तोच लिहितो आणि बराकीतले अर्जही तोच. आता इतकी चांगली लेखणी तुरुंगात आली कुठून, असा प्रश्न पडू शकतो. लेखणीमुळेच आली. बनावट सातबारा, दुसऱ्याच्या सहीचे चेक, नसलेल्या पतसंस्थेच्या ठेवपावत्या, अशा वाङ्मयात हयात घालवलेला माणूस बराकीत आला की तिथला सरस्वतीपुत्र ठरतो. ज्याला अक्षरं येतात म्हणून आत यावं लागलं, तो ज्याला अक्षरं येत नाहीत म्हणून बाहेर पडता येत नाही त्याचा अर्ज लिहितो. सुधारसेवेत परस्पर सहकार्य म्हणतात ते हेच असावं. याचा मोबदला कॅन्टीनच्या बिस्किटपुड्यांत ठरतो अशी वदंता आहे; आम्ही तिच्यावर विश्वास ठेवतो.

अर्जाचा मायना ठरलेला. ‘मेहेरबान न्यायाधीशसाहेब यांचे सेवेशी, अर्जदार बंदी याजकडून विनंतीअर्ज सादर की, अर्जदार हा अत्यंत गरीब असून घरात तो एकटाच कमावता आहे. अर्जदाराची आई वृद्ध असून ती सतत आजारी असते.’ सगळ्यांच्या अर्जात आई आजारी असते, कारण रायटरला हा एकच मजकूर पाठ असतो. ज्याची आई तो पाळण्यात असतानाच गेली, तिलाही या अर्जापुरतं पुन्हा आजारी पडावं लागतं. साहेबांनी असले हजार अर्ज वाचलेले असतात. ते पहिल्या ओळीनंतर वाचत नाहीत. ज्याची आई खरोखरच इस्पितळात आहे त्याने ते सांगायचं कोणत्या शब्दांत? तेवढे शब्द त्याला कोणी शिकवलेले नाहीत. शाळेत नाही आणि इथेही नाही.

घरी पत्र टाकायचं म्हटलं तरी भाषा आडवी येतेच. टपाल तपासल्याशिवाय आत-बाहेर जात नाही. अधीक्षकांना न येणाऱ्या भाषेतलं पत्र असेल तर आधी त्याचं भाषांतर करून घ्यावं, मग ते पाठवावं, अशी तरतूद आहे. तेव्हा गडचिरोलीच्या माडिया बंद्याने आपल्या बायकोला काय वाटेल ते लिहावं, फक्त अधीक्षकांना कळेल असं लिहावं.

इथे कोणीतरी टिळकांचं नाव काढणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तुरुंगाने मराठीला काय कमी दिलं? ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिलं गेलं, ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ अशी लागोपाठ अठरा रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. एक बंदी बोलतोय, दुसरा लिहून घेतोय, बाकीचे घोळका करून ऐकताहेत, तेही आठवड्यामागून आठवडे! आजच्या नियमांनी किती कलमं लागली असती याचा हिशोब करून ठेवावा. मंडालेत टिळकांना शाई मिळाली नाही, पेन्सिलीवर भागवावं लागलं. वह्यांच्या पानांवर आकडे घातलेले असत, म्हणजे एखादं फाडलं तर कळावं. पण पुस्तकं मिळाली, ढिगाने मिळाली. पुस्तकाला धोका समजायची अक्कल साहेबाला अजून यायची होती.

फक्त एक गोष्ट विसरून चालणार नाही. टिळक बी. ए., एलएल. बी. होते, साने गुरुजी एम. ए. होते. त्यांना भाषा तुरुंगाने दिली नाही. ती ते घरून घेऊन गेले होते. तुरुंगाने त्यांना दिला तो वेळ. वेळ आजही मिळतो, आणि तो देताना कोणी जात-धर्म-भाषा पाहत नाही.

कामं वाटताना मात्र जात पाहत असत. ३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस मराठी माणसाला आठवत असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे निघाले, फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातली कामं जातीवरून वाटणारे नियम रद्द केले आणि बंद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचे, हे जन्मावरून ठरवणारी वाक्यं देशातल्या अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत त्या दिवसापर्यंत छापलेली होती. व्यवसाय शिक्षण नव्हतंच असं कोणी म्हणू नये. होतं, फक्त प्रवेश जन्माच्या वेळीच झालेला असे. या दुसऱ्या बातमीचे पेढे कोणी वाटल्याचं आमच्या ऐकिवात नाही. अभिजात मराठीत फलक लावायला हरकत नव्हती.

समजा, इतकं सगळं पार करून एखादा सुटला. कच्चा होता तो पक्का झाला, पक्का झाल्यावर शिकला, शिकून सूट मिळाली आणि पदवीचं भेंडोळं काखेत मारून तुरुंगाच्या गेटाबाहेर आला. आता नोकरीचा अर्ज. त्यात नाव, पत्ता, शिक्षण. शिक्षणाचा रकाना त्याने अभिमानाने भरला. त्याखाली पुढचा रकाना, ‘आपणावर यापूर्वी कोणताही फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे काय? असल्यास तपशील.’ हा रकाना मात्र अस्खलित, सोप्या आणि कोणालाही समजेल अशा मराठीत असतो.

निवृत्त शिक्षकांना शेवटी एक विनंती, आणि ती विनोदात घेऊ नये. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रांसाठी ते पॅरालीगल स्वयंसेवक घेतं. तिथे जाऊन चौकशी करा. काम असं, की समोरच्या माणसाचा कागद त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचा, त्याचं म्हणणं नीट ऐकायचं, आणि आई आहे की नाही हे विचारून मगच अर्ज लिहायचा. वारली, माडिया, कोरकू, पावरी, तेलुगू, कन्नड यांपैकी काही येत असेल तर उशीर करू नका. वकिलीची पदवी लागत नाही.